रिपोर्ट बरा झालाय, मी नाही

नमस्कार श्रोतेहो.

कोथरूडमध्ये माझा दवाखाना आहे, त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. पूर्वी बायका तक्रार घेऊन यायच्या. अंगात त्राण नाही, विंचरताना केसांचा पुंजका हातात येतो, जिना चढला की धाप लागते. आता निदानच घेऊन येतात. खुर्चीत बसायच्या आधी मोबाईल पुढे करतात आणि म्हणतात, "डॉक्टर, थायरॉइड निघालाय." कुणाचा रिपोर्ट 'फुल बॉडी' पॅकेजमधला, कुणाचा सोसायटीत भरलेल्या शिबिरातला. शाळेच्या पुस्तकात या ग्रंथीला अवटू ग्रंथी म्हणायचे. ते नाव परीक्षेपुरतंच राहिलं आणि थायरॉइड हे ग्रंथीचं नाव मात्र आजारालाच चिकटलं.

आज बोलायचंय ते थायरॉइडसारख्या वाटणाऱ्या, पण बऱ्याचदा थायरॉइडच्या नसणाऱ्या तक्रारींबद्दल. सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई होत्या, वय ४६. रोज सकाळी हनुमान टेकडी चढणाऱ्या. हल्ली अर्ध्या वाटेत बसावं लागतं, म्हणाल्या. थकवा, केस गळणं, हातपाय गार. थायरॉइडसाठी रक्तात जे संप्रेरक मोजतात ते टीएसएच ६.१. बाहेर बाकावर पाच पेशंट ताटकळलेले, आणि आकड्यापुढे लॅबने ठळक अक्षरात 'हाय' छापलेलं. मी थायरॉइडची २५ मायक्रोग्रॅमची गोळी लिहून दिली. तीन महिन्यांनी टीएसएच २.४. मी खूश. "बघा, अगदी नॉर्मल!" त्या शांतपणे म्हणाल्या, "रिपोर्ट बरा झालाय डॉक्टर, मी नाही."

मग पहिल्याच दिवशी जे विचारायला हवं होतं, ते मी विचारलं. पाळी कशी येते? आठ-आठ दिवस, गाठी पडतात, दुसऱ्या दिवशी काउंटरवरून उठायची भीती वाटते. "या वयात असं व्हायचंच ना," असं समजून त्या कधी बोलल्याच नव्हत्या. हिमोग्लोबिन निघालं ९.४. फेरिटिन, म्हणजे शरीराच्या कोठारात शिल्लक असलेलं लोह, अवघं ५. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइड, म्हणजे कर्करोगाची नसलेली गाठ. दर महिन्याला रक्त वाहून चाललं होतं आणि मी गळ्यातल्या ग्रंथीला औषध देत बसले होते.

श्रोतेहो, बायकांचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय, म्हणजे ॲनिमिया, म्हणायचं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया या रेषेच्या खाली होत्या. म्हणजे थकलेली बाई समोर आली की आधी कशाची शंका घ्यावी, हे उघड आहे. शिवाय हिमोग्लोबिन काठावर बरं असलं तरी कोठार रिकामं असू शकतं, आणि काहींचे केस तेव्हापासूनच गळू शकतात. गंमत म्हणजे या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्याही आहेत. थायरॉइडला तिचं संप्रेरक बनवायला लोह लागतं, आणि थायरॉइड खरंच मंदावली तर पाळीत रक्त जास्त जातं. म्हणून एक सापडलं की दुसरं शोधायचं थांबू नये. लोहाची गोळी जेवणानंतरच्या चहाबरोबर घेणाऱ्यांनी तो चहा जरा लांबवावा. चहा लोह नीट शोषू देत नाही. आणि पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह कमी निघालं, तर नुसत्या गोळ्या खाऊन गप्प बसू नका. रक्त कुठून जातंय, पोटातून की आतड्यातून, ते शोधावंच लागतं.

आता टीएसएच म्हणजे काय ते सांगते, कारण सगळा घोळ तिथे होतो. हे संप्रेरक थायरॉइडमधून येतच नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते, ती थायरॉइडला हाक मारते. टीएसएच म्हणजे त्या हाकेचा आवाज. थायरॉइड सुस्तावली की हाक मोठी होते, म्हणून आकडा वाढतो. पण हाक काय, कारण नसतानाही थोडी चढते. रात्री आणि पहाटे ती जास्त असते, मोठ्या आजारातून उठताना जास्त असते. टीएसएच ५, ६, ७ आणि टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, मात्र व्यवस्थित, असं असेल तर साधारणपणे दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. बऱ्याच जणांचा आकडा आपोआप खाली येतो. २०१७ साली युरोपातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पासष्टीच्या पुढच्या, अशाच काठावरच्या ७३७ लोकांपैकी निम्म्यांना थायरॉइडची गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. वर्षभराने दोन्ही गटांच्या थकव्यात फरक नव्हता. तो वाचल्यावर मला माझ्या बँकेतल्या बाई आठवल्या.

पुण्यात बसून बी-१२ बद्दल बोललं नाही तर पाप लागेल. आपल्याच के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा अभ्यास केला. त्यांतल्या दोनतृतीयांश बायकांचं बी-१२ कमी होतं. पालक, शेवगा, मोड आलेली मटकी, सगळं उत्तम आहे, पण बी-१२ त्यात नसतं. ते दूध-दही, अंडी, मासे, मटण यांत असतं, आणि चहात घातलेलं दोन चमचे दूध म्हणजे दूध पिणं नव्हे! मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं, ॲसिडिटीची गोळी रोज अनशापोटी घेणाऱ्यांचंही ते घटतं. थकवा आणि विसराळूपणा थायरॉइडसारखाच. पण तळपायाला मुंग्या येतात का, जीभ लाल होऊन चुरचुरते का, तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो का? हे विचारलं की वाट वेगळी होते. उशीर झाला तर नसांचं नुकसान पूर्ण भरून निघत नाही.

केसांचं वेगळं सांगते. पावसाळ्यात डेंग्यू होऊन गेला, की दोन-तीन महिन्यांनी, म्हणजे ऐन दिवाळीच्या सुमारास, मूठ-मूठ केस जातात. बाळंतपणानंतरही तसंच. हे बहुतेक वेळा सहा महिन्यांत आपलं आपण थांबतं. पण तेवढा धीर कुणाला? हिंजवडीत काम करणारी एक मुलगी आली. रिपोर्टनुसार टीएसएच जवळजवळ शून्य, टी-फोर वाढलेलं. म्हणजे ग्रंथी उधळलेली. नाडी मात्र ७२, हात स्थिर, घाम नाही, वजन जसंच्या तसं. रिपोर्ट आणि पोरगी जुळत नव्हती. विचारलं, केसांसाठी काय खातेस? पर्समधून गोड गोळ्यांची बाटली निघाली. बायोटिन नावाचं जीवनसत्त्व, दहा हजार मायक्रोग्रॅम. रोजची गरज असते तीस-चाळीस! बऱ्याच लॅबची तपासणीची पद्धतच बायोटिनच्या चिकटण्यावर चालते, त्यामुळे रक्तात ते जास्त असलं की आकडे खोटे येतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ सालीच याबद्दल इशारा दिला होता. गोळ्या बंद करून आठवड्याने पुन्हा रक्त दिलं, सगळं सरळ. रक्त द्यायच्या आधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा. डोस मोठा असेल तर आणखी आधीपासून.

वजनाचा सगळा दोषही थायरॉइडवर घालू नये. ग्रंथी मंदावल्याने वाढणारं वजन सहसा दोन ते पाच किलो, आणि त्यातही मीठ-पाण्याचाच भाग मोठा. पंधरा किलोंचा हिशोब तिच्या नावावर मांडता येत नाही. जाडी, दिवसा पेंग, सकाळी डोकं जड, असा पुरुष पेशंट असेल तर मी त्याच्या बायकोला विचारते, "हे घोरतात का? मध्येच श्वास थांबतो का?" नळ स्टॉपच्या सिग्नलला स्टिअरिंगवर डुलकी लागलेले एक गृहस्थ थायरॉइडच्या तपासणीसाठी आले होते, त्यांना झोपेच्या तपासणीला पाठवावं लागलं. रक्तदाबासाठी अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांना गळाल्यासारखं वाटतं, हातपाय गार पडतात, नाडी मंद होते. पाळी जाण्याच्या सुमारास उलटं: अंगातून वाफा, धडधड, झोप नाही, अगदी ग्रंथी उधळल्यासारखं. आणि उदासपणा. महिनोन् महिने कशातच मन रमत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा. ते सांगायला बायकांनाही जड जातं, पुरुषांना तर फारच.

एक गोष्ट मात्र कानात ठेवा. हे ऐकून चालू असलेली थायरॉइडची गोळी कुणी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. गरोदर असाल किंवा दिवस राहावेत म्हणून प्रयत्न चालू असतील, तर मुळीच नाही. टीएसएच दहाच्या पुढे असेल तर बहुतेक वेळा गोळी लागतेच.

त्या बँकेतल्या बाईंचं पुढे काय झालं? फायब्रॉइडवर उपचार झाले, लोह भरलं, हिमोग्लोबिन १२.६ वर गेलं. थायरॉइडची गोळी मी तपासण्या करत करत थांबवली. आता टीएसएच पाचच्या आत-बाहेर असतो, सहा महिन्यांनी एकदा बघतो, आणि त्या टेकडी न थांबता चढतात. गेल्या एप्रिलमध्ये त्या धाकट्या बहिणीला घेऊन आल्या. "हिला सगळे थायरॉइड म्हणतायत. तुम्ही आधी हिला नीट विचारा, मग काय ते लिहा."

विचारलं. पण विचारायच्या आधीच दिसत होतं. एप्रिलमधल्या पुण्यात अंगात स्वेटर, चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, हातांची कातडी सालपटासारखी कोरडी. टीएसएच आला ४८. तिला खरोखरच थायरॉइडचाच आजार होता. त्याच दिवशी गोळी सुरू केली.

नमस्कार.