ला पाझ: दमानं घ्यायचं शहर

[दृश्य: एल आल्तोची धावपट्टी, मागे बर्फाची शिखरं]

एरवी विमान खाली येऊ लागलं की केबिनमधली हवा हळूहळू दाट होते. दक्षिण अमेरिकेत, बोलिव्हियातल्या ला पाझला उतरताना मात्र ती विरळ करत आणावी लागते, कारण विमानतळच शहराच्या वर, शेजारच्या एल आल्तोत, ४,०६१ मीटरवर आहे. लेहच्या विमानतळापेक्षा आठशे मीटर उंच! धावपट्टी चार किलोमीटरची. विरळ हवेत विमानाला उचल मिळायला जास्त वेग लागतो.

प्रवासी बॅग उचलतो, वीस पावलं चालतो आणि थांबतो. ला पाझला जाऊन आलेली माणसं आधी या थांबण्याबद्दलच बोलतात. हवेत प्राणवायू इथेही २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के. म्हणून श्वास पूर्ण घेऊनही पुरत नाही.

[दृश्य: वाटीसारखं खोल शहर, उतारांवर विटांची घरं]

बोलिव्हियाची घटनेनुसार राजधानी सुक्रे, सर्वोच्च न्यायालयही तिथेच. १८९९ च्या यादवीनंतर सरकार आणि संसद ला पाझला आली, ती कायमची. शहराचा मध्य साधारण ३,६०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच.

सगळ्यात मोठी चूक होते ती तिकीट काढतानाच. बोलिव्हियातलंच सांता क्रूझ शहर जेमतेम चारशे मीटरवर आहे. तिथून थेट उडून तासाभरात चार हजार मीटरवर उतरलं की त्याच रात्री डोकं ठणकू लागतं. वाटेत कोचाबांबाला किंवा सुक्रेला दोन रात्री काढाव्यात. ही शहरं अडीच ते पावणेतीन हजार मीटरच्या आसपास आहेत. ला पाझला पहिला दिवस रिकामा ठेवावा: जेवण हलकं, दारू नाही, झोपेची गोळी तर नाहीच, कारण ती झोपेतला श्वास आणखी मंद करते. असेटाझोलामाइड हे उंचीच्या त्रासावरचं औषध घ्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारून, आदल्या दिवसापासून. त्याने बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, घाबरू नये. पण बसल्या जागी धाप लागली, खोकला ओला झाला किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर सकाळची वाट पाहायची नाही. लगेच खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा.

[दृश्य: उकळतं पातेलं]

इथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. बुडबुडे जोरात येतात, पण बटाटा कच्चाच राहतो आणि चहाला हवा तसा रंग चढत नाही. कुकर लागतोच.

[दृश्य: लाल केबिन स्थानकातून बाहेर पडते]

शहर समजून घ्यायचं तर तेलेफेरिकोत बसावं. २०१४ मध्ये सुरू झालेली ही केबलकार सहलीची गंमत नाही, कामावर जाणाऱ्यांची रोजची गाडी आहे. आज तिच्या दहा मार्गिका आहेत. दहा माणसांची केबिन, साधारण दर बारा सेकंदांनी एक. केबिन पूर्ण थांबत नाही, सावकाश सरकत राहते. पाठीवरची सॅक आधीच हातात घ्यावी. सुरुवात लाल मार्गिकेने करावी. जुन्या रेल्वे स्थानकाजवळून निघून ती दहा मिनिटांत एल आल्तोच्या कड्यावर पोहोचते. वाटेत खाली मोठं कब्रस्तान लागतं: भिंतींमध्ये खणांवर खण, प्रत्येक खणाला काचेचं छोटं दार, आत फुलं. वर पोहोचल्यावर गुरुवार किंवा रविवार असेल तर मैलोगणती पसरलेला १६ दे हुलिओ बाजार. खिसे तेवढे सांभाळावेत.

डिसेंबर ते मार्च पावसाळा. विजा कडाडू लागल्या की केबलकार बंद ठेवतात, म्हणून संध्याकाळी विमान असेल तर तिच्या भरवशावर राहू नये.

केबिनमधून आणखी एक गोष्ट दिसते. आपल्याकडे उंचावरच्या घराला भाव असतो. इथे उलटं. श्रीमंत वस्ती तळाशी, सोना सुर भागात, जिथे हवा थोडी दाट आणि थंडी कमी. जितकं वर जावं तितकी घरं साधी, विटा उघड्या. पहिल्या दोन रात्री मुक्कामालाही तळाचाच भाग बरा.

[दृश्य: हातात सालतेन्या]

सालतेन्या म्हणजे सारण भरून भट्टीत भाजलेली करंजी. ती सकाळीच खायची. दुपारपर्यंत ती संपते. सारणात जिलेटीनने थिजवलेला रस्सा असतो, भट्टीत तो वितळतो. ती उभी धरायची, वरचं टोक चावायचं आणि आधी रस्सा ओढून घ्यायचा. आडवी धरून मध्येच चावा घेतला की तो बाहीवर ओघळतो. आत बहुधा गोमांस किंवा कोंबडी असते, तेव्हा आधी विचारून घ्यावं.

[दृश्य: कोकाच्या पानांचा चहा]

कोकाच्या पानांचा चहा इथे घरोघरी मिळतो, तो इथेच प्यावा. भारतात १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याने कोकाचं पान बेकायदा आहे, त्यामुळे परतण्याआधी बॅगेचे कप्पे तपासून चहाच्या पुड्याही काढून टाकाव्यात. पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला मात्र हाताशी ठेवावा. लस प्रवासाला निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची असते. दाखला नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.