कोपेश्वराचा नंदी पल्याड आहे

नमस्कार मंडळी. आज आपल्याला शिरोळ तालुक्याच्या अगदी टोकाला जायचंय, खिद्रापूरला. नरसोबाच्या वाडीला सगळेच जातात. दत्ताचं दर्शन, बासुंदी, कवठाची बर्फी, आणि गाडी माघारी! कुरुंदवाडच्या पुढं उसातून जाणारा रस्ता मात्र फार थोडे धरतात. तो धरा. पुढं कृष्णा लागते, तिच्या पल्याड कर्नाटक, आणि अल्याड कोपेश्वराचं देऊळ.

देऊळ शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. नंतर देवगिरीच्या यादवांनीही त्याची काळजी घेतली. सिंघण यादवाचा शिलालेख तिथं आहे, इ.स. १२१३ च्या सुमाराचा. तळाशी दगडी हत्तींची रांग, जणू सगळा भार त्यांनीच पेललाय. आणि पुढं स्वर्गमंडप. त्याच्या छताला मधोमध मोठं गोल मोकळं आभाळ, आणि बरोबर त्याच्या खाली तेवढीच गोल अखंड शिळा. छत अपुरं राहिलं असं काही जण सांगतात. मला ते पटत नाही. त्या वर्तुळाच्या कडेनं कार्तिकेय आणि अष्टदिक्पाल आपापल्या वाहनांवर इतके जिवापाड कोरलेत, ते काय अर्धवट कामावर? आभाळ आत घ्यायचंच होतं त्यांना.

आता नंदीचं. शंकराचं देऊळ म्हणजे समोर नंदी हवाच. इथं नाही. गावातली माणसं सांगतात, सती दक्षाच्या यज्ञाला निघाली तेव्हा नंदीवर बसून गेली, आणि नंदी तिकडंच राहिला, यडूरला. यडूर बेळगाव जिल्ह्यात. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, आणि देव एका राज्यात, त्याचा नंदी दुसऱ्या राज्यात.

याच नंदीपायी मला एक आजी भेटली. पंधरा-सोळा वर्षं झाली. त्रिपुरी पौर्णिमा होती. त्या दिवशी मध्यरात्रीला चंद्र बरोबर त्या गोल मोकळ्या जागेवर येतो, म्हणून मंडपात दिवे लावतात, गर्दी होते. मी ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन कडेला बसलो होतो. आभाळ भरलेलं. अकरा वाजले, साडेअकरा वाजले, चंद्राचा पत्ता नाही. लोक चुळबुळायला लागले, काही उठून गेले.

तेवढ्यात पायरीपाशी एक म्हातारी दिसली. इरकली लुगडं, हातात तांब्याचा तांब्या, त्या तांब्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं. बरोबर नातू. दगडी पायऱ्या उंच, तिचे गुडघे उचलेनात. मी हात दिला, तशी तिनं आधी तांब्या माझ्याकडं सोपवला. "जपून धर हं बाळा. सांडू नको."

मी विचारलं, "आजी, काय आहे यात?"

अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलत म्हणाली, "नम्म बसवण्णाच्या अंगावरचं पाणी. सकाळी यडूरला घातलं, उतरलं ते धरून आणलं. त्याला मालकाकडं येता येत नाही. मग मी आणते."

नम्म बसवण्णा म्हणजे आमचा नंदी. किती वर्षं आणताय, म्हटलं. तर म्हणाली, लग्न होऊन आले तेव्हा सासू आणायची, सासू थकल्यापासून मी.

लोकांनी वाट दिली. ती त्या गोल शिळेच्या कडेला टेकली आणि वर बघत राहिली. आणि मंडळी, बाराच्या सुमाराला ढग फाटला. चंद्र त्या वर्तुळात आला. सगळी शिळा दुधासारखी पांढरी झाली, आणि एवढ्या गर्दीत कोणी श्वाससुद्धा मोठ्यानं घेतला नाही. आजीनं फडकं सोडलं, ओंजळभर पाणी हातावर घेतलं, शिळेला लावलं. उरलेलं माझ्या हातावर घातलं. गार होतं.

आता वेळ थोडा उरलाय, तर कामाचं सांगतो. हे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. १९५८ चा कायदा, त्यात २०१० ची दुरुस्ती. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम नाही. पुन्हा सांगतो, १०० मीटरच्या आत नवं बांधकाम नाही. त्यापुढचे २०० मीटर, परवानगी काढून. जुन्या घराची डागडुजी करता येते, तीही परवानगी काढूनच. देवळालगत राहणाऱ्यांची अडचण खरी आहे. भावाभावांत वाटणी झाली की खोली वाढवायला जागा नाही, आणि २०१९ च्या महापुरात तर पाणी थेट देवळात शिरलं होतं, घरांची काय कथा. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे देऊळ उशाशी ठेवलं, त्यांच्या अर्जाला लवकर उत्तर मिळायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

आणि गावोगावच्या लोकांना हात जोडून सांगतो, जुन्या दगडी देवळांना ऑइलपेंट फासू नका. दगड घुसमटतो. वाड्यांचे सागवानी खांबही विकू नका. परवा एका हॉटेलात तसला खांब पाहिला, त्याला टोप्या अडकवल्या होत्या. जेवण गेलं नाही मला.

ती आजी पुढच्या वर्षी आली नाही. नातू आला होता, तोच तांब्या घेऊन.

त्या रात्रीची फीत माझ्याकडं आहे. चंद्र आला तेव्हापासूनची चाळीस सेकंदं तुम्हाला ऐकवतो. बोलणं काहीच नाही त्यात. शेवटी शेवटी दगडावर पाणी पडल्याचा आवाज येतो, तेवढा कान देऊन ऐका.