मारका कोंबडा
(कराड तालुक्यातल्या बचत गटांच्या एका मेळाव्यात पशुवैद्यकांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मला विषय दिलाय परसातल्या कुक्कुटपालनाचा. पण मघाशी चहा घेताना ज्या भेटल्या त्या प्रत्येकीनं एकच विचारलं, कोंबडा अंगावर येतो, काय करू? तेव्हा लसीकरणाचं पुढच्या वेळी बघू. आज मारक्या कोंबड्याबद्दल बोलतो.

हे कोंबडे आपल्या दारात इतके का होतात, ते आधी बघा. वनराज जातीची असोत, गिरिराज जातीची असोत, लहान पिल्लं घेताना नर-मादी ओळखू येत नाही. साधारण निम्मे नर निघतात. खरं तर आठ-दहा कोंबड्यांमागं एक नर पुष्कळ झाला. नुसती अंडीच खायची असतील तर एकही लागत नाही, फक्त त्या अंड्यांतून पिल्लं निघणार नाहीत. जादा नर वेळेवर विकले-खाल्ले गेले की अर्धं भांडण मिटतं. नाहीतर ते आपसांत झुंजतात आणि दोन-चार कोंबड्यांच्या पाठीवर सारखे चढून त्यांची पिसं उडवतात.

पण आपल्याकडं एखादा कोंबडा देवाला बोललेला असतो. तो विकता येत नाही आणि यात्रेआधी कापताही येत नाही. मग वर्षाचा, पायाला काटे आलेला नर दारात फिरत राहतो. आपल्या बऱ्याच यात्रा चैत्र-वैशाखात. डिसेंबरात आपल्याकडं दिवस 11 तासांचा असतो, जूनपर्यंत तो 13 तासांच्या वर जातो. उजेड वाढतो तसा नराचा मद वाढतो. म्हणजे बोललेला कोंबडा ऐन यात्रेच्या तोंडावर सगळ्यात तापट होतो. घरातले म्हणतात, देवाचा आहे, वारं भरलंय त्याच्यात. वाऱ्याचा काही संबंध नाही, हा सगळा वाढत्या उजेडाचा खेळ.

नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थॉरलीफ शेल्डरुप-एब्बे यांना लहानपणापासून कोंबड्यांचा नाद होता. कळपात कोण कोणाला टोचणार याची उतरंड ठरलेली असते, हे त्यांनी 1921 च्या सुमारास मांडलं. मारका कोंबडा तुम्हाला याच उतरंडीत बसवत असतो. तुम्ही दाणे टाकता, खुराडं झाडता, याचं त्याला काही नाही. तुम्ही त्याच्या लेखी दुसरा नर. तुम्ही पळालात की तो जिंकला, उद्या परत येणार. लाथ घातलीत तर झुंज लागली, आणि झुंजीत मारका कोंबडा सहजासहजी माघार घेत नाही. म्हणून ज्या घरात गडीमाणूस लाथ घालतो आणि सूनबाई किंचाळून आत पळते, त्या घरातला कोंबडा कधीच सुधारत नाही. दोघांनीही त्याला हवं तेच उत्तर दिलेलं असतं.

अंगावर यायच्या आधी तो सांगून येतो. एक पंख जमिनीला टेकवत तिरका-तिरका चालतो, मानेची पिसं फुलवतो. कधी दाणा नसतानाच तुमच्या पायाशी माती टोचत राहतो. तेव्हाच थांबा. पाठ फिरवू नका, कारण तो मागून पिंढरीवर येतो. हातात घमेलं किंवा सूप असू द्या, मारायला नव्हे, पुढं आडवं धरायला. तो उडाला तर त्यावर आपटेल. मग सावकाश एक-एक पाऊल त्याच्याकडं टाका. तो बाजूला वळला, दुसरीकडं चरायला लागला, की तिथंच सोडून द्या. त्यानं माघार घेतल्यावर त्याच्यामागं खराटा घेऊन धावलात, तर केलेलं सगळं वाया.

काही जणी त्याला पंखांसकट काखेत घट्ट धरून, अंग ढिलं सोडेपर्यंत अंगणात हिंडवतात. काही कोंबड्यांवर याचा उपयोग होतो. पण हे घरातल्या सगळ्यांनी सारखं केलं पाहिजे. एकटी सासू करते आणि नातू खडे मारतो, असं असेल तर तो सासूला सोडून बाकी सगळ्यांना मारेल.

आणि एक. मुलांनी हातावर वाढवलेला एकुलता एक नर बऱ्याचदा सगळ्यात वाईट निघतो. त्याला माणसाची भीतीच उरलेली नसते. पिल्लू असताना नर वाटला की मांडीवर घेणं बंद करा.

काट्यांचं विचारलंत. काट्याच्या आत हाड असतं, रक्त असतं. फक्त टोक कानशीनं घासून बोथट करा. मुळापासून कापू नका, गरम बटाटा लावून टरफल उपसायचा तो प्रकारही करू नका. जखम झाली तर साबणानं भरपूर धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. वरून बारीक दिसणारा काटा आत खोल गेलेला असतो.

घरात रांगतं मूल असेल, तर मी सुधारणेची वाट बघा म्हणणार नाही. कोंबड्याची उडी आणि मुलाचे डोळे एका उंचीवर येतात. म्हाताऱ्या माणसांचंही तेच. ऑस्ट्रेलियात 76 वर्षांच्या एक बाई अंडी गोळा करत होत्या. कोंबड्यानं पायाला टोचलं, फुगलेली शीर फुटली आणि रक्त जाऊन त्या वारल्या. ॲडलेडच्या तज्ज्ञांनी 2019 मध्ये ही घटना प्रसिद्ध केली. तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या पायांवर तशा शिरा आहेत, शेतात उभं राहून-राहून आलेल्या.

असा नर असताना त्याची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवू नका. स्वभाव पिल्लांत उतरतो. त्याला कापलात तर रस्सा मंद जाळावर बराच वेळ शिजवा, मांस चिवट असतं. देवाला बोललेला असेल तर यात्रेपर्यंत जाळीत वेगळा ठेवा. पण जाळी उंच आणि ऐसपैस करा, डालग्याखाली महिनाभर कोंडणं हा नुसता छळ आहे.

राहिला बाजार. मारका आहे का, असं आधी विचारून कुणी दुप्पट पैसे देत असेल, तर तो झुंजीसाठी नेतोय. प्राण्यांच्या झुंजी लावणं 1960 च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. त्याला देऊ नका, खाटकाला कमी भावात द्या.