नऊ फुटांच्या ओळीतला ट्रॅक्टर

(पहाट. निफाड तालुक्यातली द्राक्षबाग. मांडवावरून पाणी ठिबकतंय.)

रात्रभर पाऊस झालाय. गोडी छाटणीला, म्हणजे घडांसाठीच्या छाटणीला, पंधरवडा उलटलाय, कोवळी पानं फुटलीत आणि बागायतदाराला धास्ती आहे ती डाऊनी या बुरशीजन्य रोगाची. फवारणी आजच व्हायला हवी, मग खाली चिखल असो. मिनी ट्रॅक्टर किती एचपीचा हवा, ते खरं अशा सकाळी कळतं.

आधी टेप लावू. ओळी ९ फुटांवर. दोन्हीकडचे बोद (वेलींखालचे मातीचे उंच वरंबे) आणि ठिबकच्या नळ्या सोडल्या, तर चाकांना जेमतेम पाच-साडेपाच फूट उरतात. ४५ एचपीचा मोठा ट्रॅक्टर इथे शिरला की बोद दाबतो, आणि वेलीची पाणी-खत शोषणारी पांढरी मुळी त्याच बोदात असते. वरती मांडव आहेच. धुराडं उभं असेल तर त्याच्या वाफेनं फुटी होरपळतात.

मग सगळ्यात छोटा घ्यावा?

१५ एचपीचा मिनी आंतरमशागतीला चांगला. पण त्याच्यामागे ६०० लिटर टाकीचा ब्लोअर, म्हणजे पंख्याच्या हवेनं औषध उडवणारं फवारणी यंत्र, जोडून पाहा. नुसतं पाणीच ६०० किलो, म्हणजे बहुतेक मिनी ट्रॅक्टरच्या निम्म्याहून जास्त वजन. त्यात ब्लोअरचा पंखा चालतो पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, आणि त्या दांड्याचे मिनिटाला ५४० फेरे लागतात. इंजिन दमलं की फेरे पडतात, हवेचा जोर ओसरतो आणि औषध पानाच्या वरच्या अंगालाच बसतं. डाऊनीची पांढरी बुरशी मात्र वाढते पानाच्या खाली. कमी पडलेला एचपी असा थेट घडावर दिसतो.

म्हणून विकणाऱ्याला इंजिनाचा एचपी विचारून थांबू नका, पीटीओला किती मिळतो ते विचारा. तो नेहमी कमीच असतो. बाग दोन एकरांची आणि ब्लोअर २०० लिटरचा असेल, तर १५-१८ एचपीत भागतं. काळी जमीन आणि मोठी टाकी असेल, तर २४ ते २७ एचपी, तोही फोर व्हील, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारा. फोर व्हीलला पैसे जास्त पडतात, पण काळ्या मातीत रुतलेला भरला ब्लोअर ज्यानं ओढून काढलाय, तो इथे काटकसर करणार नाही.

आणि टेप गुंडाळण्याआधी ओळीच्या टोकाला या. मांडवाचे ताण, म्हणजे मांडव ओढून धरणाऱ्या तारा, बांधापर्यंत आलेत. भरलेला ब्लोअर मागे घेऊन ट्रॅक्टर वळणार आहे तो याच जागेत.