जत्रेच्या हद्दीतलं कोर्ट

इंग्लंडमध्ये मध्ययुगातल्या जत्रांच्या जागा बघायला गेलात, तर कोर्टाची इमारत शोधत बसू नका. बहुतेक ठिकाणी ती नव्हतीच. जकात घ्यायला जत्रेचा कारभारी जिथे बसायचा तिथेच, उघड्यावर नाहीतर एखाद्या छपराखाली, निवाडा व्हायचा. मग बघायचं काय? तर हद्द.

या कोर्टांना पायपावडर म्हणत. धुळीच्या पायांनी गावोगाव फिरणाऱ्या व्यापाऱ्यांची ती कोर्टं. जत्रा भरवायची सनद मिळाली की कोर्टाचा हक्क तिच्यासोबतच येई. हंटिंग्डनशायरमधल्या सेंट आइव्ह्जची ईस्टरची जत्रा घ्या. 1110 मध्ये पहिल्या हेन्रीने रॅमसीच्या मठाला तिची सनद दिली. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या तिथल्या खटल्यांच्या नोंदी टिकून आहेत, त्यामुळे कामकाज कसं चाले ते नीट कळतं.

फिर्यादीने तक्रार तोंडी मांडायची आणि जामीन द्यायचा. प्रतिवादी बहुधा परगावचा, उद्या गाठोडं बांधून निघून जाईल. म्हणून माणसाआधी त्याचा माल अडकवायचा. अध्यक्षपदी मठाचा कारभारी असला तरी निर्णय सांगायचे व्यापारीच, कारण कापडाच्या मापाची लबाडी आणि उधारीचे रिवाज त्यांना ठाऊक. (आपल्या पेठांतले शेटे-महाजन इथे आठवतील, पण ते वतनदार, कायमचे. इथलं कोर्ट जत्रेबरोबर उठायचं.) पुरावा म्हणजे साक्षीदार किंवा खाचा पाडलेली हिशेबाची काठी. तेही नसेल तर प्रतिवादीने ठरलेल्या संख्येची माणसं उभी करून त्यांच्यासह शपथ घ्यायची. हरणाऱ्याला दंड पुष्कळदा सहा पेन्स, आणि ‘गरीब आहे’ एवढा शेरा मारून तो माफ केल्याच्याही नोंदी आहेत. इप्सविचसारख्या बंदरात तर दर्यावर्द्यांचे खटले भरतीमागून भरती चालवायचे, कारण जहाज थांबणार नाही.

बिघडायचं ते हद्दीवरून. निकाल झटपट लागतो म्हटल्यावर लोक भलतीकडचे जुने व्यवहारही इथे आणू लागले आणि फीच्या लोभाने कारभारी ते दाखल करून घेऊ लागले. त्याचा परिणाम उलटा झाला: व्यापारी जत्रेला यायलाच कचरू लागले. म्हणून 1477–78 च्या कायद्याने फिर्यादीला शपथ घ्यायला लावली की व्यवहार याच जत्रेत, तिच्या मुदतीत आणि हद्दीत झाला. शपथ नाही तर खटला नाही. माझ्या मते या कोर्टांचं सगळं मर्म या एका कलमात आहे.

आज जाऊन बघायचं तर ब्रिस्टलचं ओल्ड मार्केट. किल्ल्याच्या तटाबाहेर बाजार भरायचा, म्हणून हा रस्ता अजूनही एवढा रुंद आहे. कोर्ट पूर्वी तिथल्या ओकच्या झाडाखाली बसे असं सांगतात. त्याला कागदाचा आधार मागू नका. पुढे ते ‘स्टॅग अँड हाउंड्स’ या दारूच्या गुत्त्यात बसू लागलं. गुत्त्याचा वरचा मजला खांबांवर फुटपाथवर पुढे आलेला आहे, तो जरूर बघा. प्रत्यक्ष खटले 1870 मध्ये थांबले, तरी बाजारात दरवर्षी कोर्टाची द्वाही वाचली जाई. 1971 च्या कायद्याने कोर्टच रद्द केलं, तेव्हा शंभर वर्षं त्यात एकही खटला चालला नव्हता.