रॅम जागी होण्याआधी

(दृश्य : टेबलावर उघडलेला लॅपटॉप. दिवा लागलेला, पंखा फिरतो आहे, पडदा काळा.)

हा थिंकपॅड एक्स२३०. २०१२ सालचं मॉडेल. बटण दाबलं, दिवा लागला, पंखा फिरू लागला आणि गाडी तिथंच अडली. पडद्यावर एक अक्षर उमटलं नाही. या लॅपटॉपमध्ये कंपनीचं मूळ बायोस, म्हणजे मशीन जागं करणारं, चिपमध्ये साठवलेलं फर्मवेअर, आता नाही. त्याच्या जागी कोअरबूट बसवलं आहे. हे मुक्त स्रोत फर्मवेअर आहे, आणि यात मेमरी, म्हणजे रॅम, सुरू करणारा भागसुद्धा उघडा आहे, कुणालाही वाचता येतो. मशीन नेमकं कुठं अडलं हे शोधायला आम्ही बसलो ते याच बळावर.

(दृश्य : कीबोर्ड आणि पामरेस्ट काढलेले. मदरबोर्डवरच्या दोन छोट्या चिप. कॅमेरा जवळ जातो.)

कीबोर्ड निघाला, पामरेस्ट निघाली, की फर्मवेअर साठवणाऱ्या या दोन आठ पायांच्या फ्लॅश चिप दिसतात. एक ८ मेगाबाइटची, दुसरी ४ मेगाबाइटची. वीज मिळाल्यावर प्रोसेसर आपली पहिली सूचना ४ गिगाबाइटच्या सीमेच्या १६ बाइट अलीकडून उचलतो. तो पत्ता येऊन पोचतो या लहान चिपच्या अगदी शेवटच्या टोकाला. म्हणून एक्स२३०वर कोअरबूट बसवताना बहुतेक जण एवढी ४ मेगाबाइटची चिपच लिहितात.

पाय आवळून बसलेली ही क्लिप, तिच्यातून निघालेल्या तारा, तारांच्या टोकाला प्रोग्रामर, म्हणजे चिप वाचणारं-लिहिणारं उपकरण. इथं एक सावधगिरी सांगायलाच हवी. सीएच३४१ए नावाचे काळे, स्वस्त प्रोग्रामर सगळीकडे मिळतात. त्यांतल्या पुष्कळांच्या डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात, आणि ही चिप ३.३ व्होल्टची आहे. क्लिप लावण्याआधी मल्टिमीटरने मोजून घ्या.

(दृश्य : मेमरी मॉड्यूल हातात. सोनेरी संपर्कपट्ट्या. मागच्या बाजूची इवलीशी चिप.)

आता मूळ प्रश्न. फर्मवेअर सुरू होतं तेव्हा रॅम चालू नसते. मॉड्यूल खाचेत बसलेलं असतं, त्याला वीजही मिळते, पण त्यात एक बाइट ठेवून तो परत मिळेल याची खात्री नसते. मग सी भाषेतला प्रोग्राम चालायचा कसा? त्याला स्टॅक, म्हणजे चालू कामाच्या नोंदींची जागा, लागतो, चल राशी ठेवायला जागा लागते.

या अडचणीवर माणसांनी काय काय उपाय केले तो इतिहास सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. १९९९मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉन मिनिच आणि सहकाऱ्यांनी लिनक्सबायोस हा प्रकल्प सुरू केला. त्यांच्याकडे क्लस्टर होते, म्हणजे एकत्र काम करणारी ढीगभर मशीन. एखाद्याचं बायोस अडलं की ते कीबोर्डवरची कळ दाबली जाण्याची वाट बघत बसे, आणि त्या मशीनना कीबोर्डच नव्हते. पुढे याच प्रकल्पासाठी एरिक बीडरमन यांनी रॉमसीसी हा कंपायलर लिहिला. सी भाषेतला कोड तो अशा प्रकारे यंत्रभाषेत उतरवी, की रॅमला हातही न लावता फक्त प्रोसेसरच्या रजिस्टरांवर, म्हणजे त्याच्या आतल्या मोजक्या कप्प्यांवर, काम भागे. रजिस्टरं ती किती! तेवढ्यात मेमरी सुरू करण्याचा सगळा हिशेब बसवायचा. नंतर प्रोसेसरच्या कॅशलाच, म्हणजे त्याच्या आतल्या छोट्या वेगवान मेमरीलाच, तात्पुरती रॅम म्हणून वापरण्याची युक्ती रुळली आणि रॉमसीसीची गरज सरली. २००८मध्ये प्रकल्पाचं नाव कोअरबूट झालं. आजच्या क्रोमबुकांमध्ये याच प्रकल्पाचं फर्मवेअर असतं.

(दृश्य : पडद्यावर मॉड्यूलच्या एसपीडीतल्या आकड्यांच्या ओळी.)

मॉड्यूलच्या मागची ही इवलीशी चिप म्हणजे एसपीडी. डीडीआर३ या मेमरी-प्रकाराच्या काळात हिच्यात २५६ बाइट असतात. मॉड्यूल किती क्षमतेचं, कोणत्या वेगाचं, कोणत्या क्रियेनंतर किती थांबायचं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. फर्मवेअर एसएमबस या संथ वाटेनं आधी हे वाचतं. ज्या लॅपटॉपात रॅम बोर्डवरच जडवलेली असते, तिथं ही चिप बहुधा नसते. मग तीच माहिती फर्मवेअरच्या फाइलमध्ये ठेवतात, आणि बोर्डवरच्या काही पिनांची पातळी वाचून त्यातली कुठली फाइल घ्यायची ते ठरतं. ती पातळी ठरवणारा रेझिस्टर चुकीचा लागला तर फर्मवेअर भलत्याच मेमरीची माहिती घेऊन कामाला लागतं.

(दृश्य : मदरबोर्डवर प्रोसेसरकडून मेमरीच्या खाचेकडे जाणाऱ्या नागमोडी रेषा. कॅमेरा त्यांच्यावरून सावकाश सरकतो.)

या रेषा मुद्दाम नागमोडी आखलेल्या आहेत. प्रत्येकीची लांबी जुळावी म्हणून. तरीही लांबी जुळवून सगळं भागत नाही. डीडीआर३मध्ये क्लॉकची, म्हणजे ताल देणाऱ्या संकेताची, आणि आज्ञांची तार मॉड्यूलवरच्या एका चिपकडून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे अशी जाते. पहिल्या चिपला क्लॉक लवकर पोचतो, शेवटच्या चिपला उशिरा. डेटाच्या तारा मात्र प्रत्येक चिपला थेट जातात. डीडीआर३-१६०० वेगाला एक बिट तारेवर ६२५ पिकोसेकंद टिकतो. त्या अवधीत नेमकं कधी वाचायचं, कधी लिहायचं, हे प्रत्येक चिपसाठी वेगळं ठरवावं लागतं. आणि ते कागदावर ठरत नाही. मॉड्यूल बदललं, खाच बदलली, की उत्तर बदलतं.

म्हणून ट्रेनिंग, म्हणजे करून बघून योग्य वेळ शोधणं. मैफलीआधी तबलजी एकेका घरावर हातोडी मारतो, थाप देऊन ऐकतो, पुन्हा मारतो, तसं हे काम. कोअरबूटचा कोड एका बिटच्या अवधीचे ६४ बारीक भाग करतो. आठ डेटा लेन, म्हणजे डेटाच्या तारांचे गट, आहेत. प्रत्येक लेनवर एक विलंब लावायचा, ठरावीक नमुना लिहायचा, परत वाचायचा, जुळला की नाही याची नोंद करायची, विलंब एका भागानं पुढं सरकवायचा. अशी यशापयशाची लांब रांग तयार होते. तिच्यात सलग यशाची सगळ्यांत लांब पट्टी शोधायची आणि तिचा मध्य पकडायचा. पट्टी तोकडी निघाली तर मध्यही भरवशाचा नाही, म्हणून कोड ते अपयश मानतो.

हा सगळा हिशेब एकेकाळी बंद पेटीत होता. सँडी ब्रिज आणि आयव्ही ब्रिज पिढीच्या इंटेल प्रोसेसरांसाठी कोअरबूटला मेमरी सुरू करायला क्रोमबुकातली एक तयार बायनरी फाइल वापरावी लागे. आत काय चाललंय ते दिसायचं नाही. २०१४मध्ये व्लादिमिर सेर्बिनेंको यांनी रिव्हर्स इंजिनिअरिंग करून त्या जागी उघडा कोड आणला. सुरुवातीला त्यात नुसते आकडे होते : या रजिस्टरात हा आकडा, त्या रजिस्टरात तो. पॅट्रिक रुडॉल्फ आणि अँजेल पोन्स यांनी पुढं त्यावर काम केलं, रजिस्टरांना नावं मिळत गेली, पायऱ्या वेगळ्या झाल्या. दुसऱ्याचं यंत्र बाहेरून न्याहाळून त्याचं गणित पुन्हा मांडायचं आणि ते सगळ्यांसाठी खुलं ठेवायचं, या कामाचं मोल मला फार मोठं वाटतं.

(दृश्य : यूएसबी पोर्टला जोडलेलं बीगलबोन, एक छोटा संगणक-बोर्ड. शेजारच्या पडद्यावर लॉगच्या ओळी सरकतात.)

आपल्या लॅपटॉपकडे येऊ. मशीन अडलं आहे, मग बोलणार कसं? कोअरबूट आपला लॉग, म्हणजे कामाची नोंद, मेमरीत ठेवतो आणि लिनक्स सुरू झाल्यावर सीबीमेम या साधनानं तो वाचता येतो. पण रॅम सुरूच झाली नाही तर तो लॉग कॅशमध्ये असतो आणि वीज बंद केली की जातो. लॉग थेट बाहेर काढायला सोपं असं सिरियल पोर्ट लॅपटॉपला नाही. तेव्हा दोन वाटा उरतात. लॉग फ्लॅश चिपमध्येच एका राखीव भागात लिहायला सांगायचं आणि नंतर क्लिप लावून वाचायचं. किंवा ईएचसीआय डिबग पोर्ट, म्हणजे यूएसबीच्या एका ठरावीक पोर्टातून लॉग थेट बाहेर काढायचा. इथं दुसरी वाट दिसते आहे.

आयव्ही ब्रिजचं ट्रेनिंग सुरू झाल्याची ओळ आली. मग ही ओळ थांबवून वाचा : ‘रॅम ट्रेनिंग फेल्ड, ट्राइंग फॉलबॅक’. फॉलबॅक म्हणजे जे चॅनेल, म्हणजे प्रोसेसरपासून मेमरीच्या खाचेपर्यंतची वाट, अडलं ते बंद करून उरलेल्यावर मशीन चालवायचं. आत्ता लॅपटॉपात एकच मॉड्यूल आहे, म्हणजे एकच चॅनेल भरलेलं. ते बंद केल्यावर काही उरत नाही.

(दृश्य : मॉड्यूल काढणं, घालणं, खाच बदलणं. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पट्ट्या पुसणारा हात.)

आधी साधी तपासणी. संपर्कपट्ट्या पुसल्या, फरक नाही. मॉड्यूल दुसऱ्या खाचेत घातलं, तरी तेच अपयश. दुसरं मॉड्यूल घातलं तर मशीन सुरू. दोन्ही घातली तर सुरू होतं, पण मेमरी निम्मी दिसते. हा फॉलबॅकचा परिणाम, आणि पुष्कळांना तो कळतही नाही, कारण मशीन चालत असतं. दोष खाचेबरोबर राहिला असता तर बोर्डावर संशय घेतला असता. तो मॉड्यूलबरोबर फिरतो आहे.

मग मॉड्यूल टाकून द्यायचं का? नाही. मूळ फर्मवेअरखाली हेच मॉड्यूल चालत होतं, आणि ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

(दृश्य : पडद्यावर शेजारी शेजारी दोन रकाने. एका आकड्यावर खूण.)

डावीकडे मूळ फर्मवेअरखाली इंटेलटूल या साधनानं घेतलेली मेमरी कंट्रोलरची नोंद. उजवीकडे कोअरबूटचा लॉग. डावीकडे वेग १३३३, उजवीकडे १६००. फरक इथं आहे. या मॉड्यूलच्या एसपीडीत दोन वेग आहेत : नेहमीच्या तक्त्यात १३३३, आणि एक्सएमपी नावाच्या वाढीव तक्त्यात १६००. मूळ फर्मवेअरनं साधा तक्ता घेतला होता. कोअरबूटनं वाढीव घेतला, आणि त्या वेगाला एका लेनची यशाची पट्टी तोकडी पडली.

बोर्डच्या डिव्हाइसट्रीत, म्हणजे बोर्डची मांडणी सांगणाऱ्या फाइलीत, कमाल मेमरी क्लॉकची एक ओळ असते. तिथं ८०० म्हणजे डीडीआर३-१६००, ६६६ म्हणजे १३३३. ६६६ लिहिलं, बांधणी केली, चिप लिहिली.

(दृश्य : लॉग सरकतो. पडदा उजळतो. मेमटेस्टचा निळा पडदा.)

ट्रेनिंग पूर्ण. दोन्ही चॅनेल चालू. मेमटेस्ट हा मेमरी तपासणारा प्रोग्राम कोअरबूटमधूनच पेलोड म्हणून, म्हणजे फर्मवेअरचं काम संपताच चालणारा प्रोग्राम म्हणून, चालवता येतो, तो इथं दिसतो आहे. ट्रेनिंगची उत्तरं आता फ्लॅशमध्ये साठवली गेली, पुढच्या वेळी ती थेट वापरली जातील. मॉड्यूल बदललं तर एसपीडीचा सीआरसी हा पडताळणीचा आकडा जुळत नाही आणि ट्रेनिंग नव्यानं होतं. शंका असेल तर तो साठा पुसून नव्यानं करायला लावा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या लॅपटॉपांचे ढीग लागतात, त्यांतली कितीतरी मशीन अशीच दुरुस्त होतील.

नव्या मशीनवर हे असं बघता येत नाही. इंटेलच्या नव्या प्लॅटफॉर्मवर कोअरबूटला मेमरीसाठी एफएसपी ही बंद बायनरी लागते. एएमडीच्या झेन पिढीपासून मेमरीचं ट्रेनिंग वेगळ्या सुरक्षा प्रोसेसरवर होतं, मुख्य प्रोसेसर जागा होण्याच्याही आधी. तिथं लेन अडली तर हाती लागतो तो कंपनीनं ठरवलेला एक त्रुटी-क्रमांक. कोणत्या लेनची पट्टी किती तोकडी होती, ते उघड्या कोडमध्येच विचारता येतं. ही दारं उघडली पाहिजेत.

(दृश्य : लॉगची फाइल जतन होते.)

तुमचं मशीन असं अडलं तर बांधणीच्या पर्यायांत रॅम सुरू करण्याचे तपशीलवार संदेश चालू करा आणि लॉगची पातळी सगळ्यांत वरची ठेवा. प्रकल्पाकडे कळवताना पूर्ण लॉग, मॉड्यूलची एसपीडी, कोणतं मॉड्यूल कोणत्या खाचेत होतं ते, आणि मूळ फर्मवेअर अजून असेल तर त्याखालची इंटेलटूलची नोंद, एवढं एकत्र पाठवा.