मशेरीचा डबा आणि पेशीतल्या दोन वह्या

नमस्कार मंडळी, जेवणं आटोपली असतील तर पाच मिनिटं रेडिओजवळ बसा, आज मशेरीबद्दल बोलायचंय.

आमची आजी गुहागरच्या घरी मागच्या पडवीत मशेरी भाजायची, तंबाखू तव्यावर टाकून काळी होईपर्यंत हलवत राहायची, धुराने आम्हा पोरांना ठसका लागायचा, मग ती हातानेच चुरडून डब्यात भरायची आणि सकाळी उठल्याबरोबर बोटावर घेऊन हिरड्यांना, चांगला अर्धा तास.

तंबाखू अशी करपली की तिच्यात बेंझोपायरीन नावाचं रसायन तयार होतं, डांबरात असतं तेच. जपानमध्ये १९१५ साली यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्महिने डांबर चोळून कॅन्सर उठवून दाखवला होता. हे बेंझोपायरीन पेशीत शिरलं की शरीर ते धुवून टाकायला जातं आणि नेमकं त्याच खटपटीत त्याचं असं रूप बनतं की ते डीएनएला, म्हणजे पेशीने कसं वागायचं हे ज्यात लिहिलेलं असतं त्याला, जाऊन चिकटतं.

आता डीएनए पेशीत दोन ठिकाणी असतो. न्यूक्लियसमधला, पेशीच्या गाभ्यातला, म्हणजे माजघरातल्या कपाटातली मोठी वही, तिचा एक संचच जवळजवळ ३०० कोटी अक्षरांचा. आणि मायटोकॉन्ड्रिया, जिथे पेशीची ऊर्जा तयार होते, तिथे एक चिमुकली वही, १६,५६९ अक्षरं, ३७ जीन्स म्हणजे एकेका कामाच्या सूचना, आईकडून आलेली. ही चुलीशेजारीच टांगलेली समजा. मोठ्या वहीत असा चिकटा बसला तर तेवढा तुकडा कापून नवा घालायची सोय आहे, चुलीजवळच्या वहीला ती नाही. १९८२ साली उंदरांना अफ्लाटॉक्सिन देऊन बघितलं (पावसाळ्यात दाण्यांना, खोबऱ्याला बुरशी धरते ना, त्यातल्या काही बुरशींचं हे विष, तेव्हा कडू लागलेला दाणा थुंकूनच टाका) तर यकृतात ते मायटोकॉन्ड्रियाच्याच डीएनएला जास्त चिकटलं आणि तसंच राहिलं.

मग कॅन्सर कुठल्या वहीमुळे? मला विचाराल तर मूळ दोष मोठ्या वहीतला, कारण पेशीचे ब्रेक तिथे लिहिलेत. दुरुस्तीआधीच कॉपी निघाली की वहीतल्या 'G' अक्षराच्या जागी 'T' पडतं, आणि ही चूक पी५३ या ब्रेकच्या जीनमध्ये झाली की वाढ आवरत नाही. लहान वहीच्या प्रती एका पेशीत शेकड्यांनी असतात म्हणून थोडं नुकसान खपून जातं, पण बऱ्याच खराब झाल्या की चूल धुमसायला लागते आणि तो धूर पुन्हा मोठ्या वहीलाच लागतो.

बायका विचारतात, आई मशेरी लावायची म्हणजे माझ्यातही तो दोष आला का हो? नाही, तोंडातल्या पेशीत पडलेली चूक तोंडातच राहते. पोटुशी बाईने मात्र मशेरी नकोच, बाळाचं वजन कमी भरतं.

आजीच्या उजव्या गालात आतून पांढरा चट्टा होता, आम्ही समजलो पानाचा चुना लागलाय, आणि त्यात दोन वर्षं गेली. तुम्ही उद्या सकाळी उजेडात आरसा धरा, गाल बोटाने ओढून आतून बघा, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, पंधरा दिवसांत न भरलेला फोड असेल, तोंड पूर्वीसारखं उघडत नसेल तर त्याच आठवड्यात दवाखान्यात जाऊन दाखवा.